मौनाचा न्याय : अनुत्तरित प्रार्थना आणि संहितेशी झगडा

१

प्रार्थना निष्फळ ठरणे हा अनुभव सर्वच धर्मांतील श्रद्धावंतांना येतो. त्या अनुभवाचा ‘प्रश्न’ मात्र सर्वत्र सारख्याच रीतीने उभा राहत नाही. जेथे ईश्वराने मागणाऱ्याला काही लेखी आश्वासन दिलेले नाही, तेथे मागणे फळाला न येणे हे दुःख असते, पण ती विसंगती नसते. ख्रिस्ती श्रद्धावंताची अडचण निराळी आहे. त्याच्या हाती एक संहिता आहे आणि त्या संहितेने त्याला शब्द दिलेला आहे. मागणारा रिकाम्या हाती परतत नाही, असा मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायाचा आशय आहे. मार्काच्या अकराव्या अध्यायात हेच आश्वासन अधिक धाडसी रूप घेते: जे मागितले ते हाती आलेच आहे असे धरून चालावे, म्हणजे ते येईल. याकोबाच्या पत्राचा शेवटचा अध्याय आजाऱ्यासाठी श्रद्धेने केलेल्या प्रार्थनेबद्दल जवळजवळ निरपवाद भाषेत बोलतो. या वाक्यांना जोडलेल्या अटी फार थोड्या आहेत, आणि पुढील काळात भाष्यकारांनी जोडलेल्या अटी फार पुष्कळ.

मरणाच्या दारी असलेल्या अपत्याच्या उशाशी बसून प्रार्थना करणाऱ्या आणि अखेर ते अपत्य गमावणाऱ्या श्रद्धावंतासमोर म्हणून एकाच वेळी दोन गोष्टी असतात: ते मृत अपत्य, आणि छापील पानावरची ती ओळ. पहिली गोष्ट कोणाही माणसाच्या वाट्याला येते. तिला प्रश्नाचे रूप देते ती दुसरी. या अर्थाने अनुत्तरित प्रार्थनेचा प्रश्न जितका ईश्वरशास्त्राचा आहे, तितकाच तो वाचनाचा आहे. श्रद्धावंत येथे एका संहितेचा वाचक असतो, आणि संहितेतील विधान व स्वतःचा अनुभव यांत मेळ न बसल्यावर वाचकाने काय करावे, हा त्याच्यापुढचा पेच आहे. त्याने अनुभव खोटा मानावा, संहिता खोटी मानावी, की दोन्हींना जागा देणारा एखादा अर्थ रचावा? या तिन्ही पर्यायांना नैतिक किंमत आहे. तिसरा पर्याय सर्वांत सोयीचा वाटतो, आणि बारकाईने तपासण्याची गरजही त्यालाच सर्वाधिक आहे.

२

ईश्वराच्या मौनाचा पुरावा म्हणून उपयोग करण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण खुद्द जुन्या करारातच आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात कर्मेल पर्वतावर एलीया आणि बआलाचे ४५० संदेष्टे समोरासमोर येतात. देश अवर्षणाने होरपळलेला आहे. जो देव अग्नीने उत्तर देईल तो खरा, असा पण ठरतो. बआलाचे संदेष्टे सकाळपासून दुपारपर्यंत आपल्या देवाला हाका मारतात, वेदीभोवती नाचतात, अंगावर शस्त्रांचे वार करून घेतात. एलीया त्यांची थट्टा करतो: तुमचा देव कदाचित विचारात गढला असेल, प्रवासाला गेला असेल, झोपला असेल. निवेदक मोजक्या शब्दांत नोंदवतो की कोणताही आवाज आला नाही, कोणीही उत्तर दिले नाही. यानंतर एलीयाच्या प्रार्थनेला अग्नी उतरतो, आणि प्रकरण निकालात निघते. निकाल केवळ तात्त्विक राहत नाही. पराभूत संदेष्ट्यांना कीशोन ओहोळापाशी नेऊन ठार केले जाते. मौनावरून काढलेल्या अनुमानाची किंमत येथे माणसांच्या जिवाने मोजली जाते, हे विसरता येत नाही.

पुढचाच अध्याय या विजयाला अस्वस्थ करणारा आहे. राणी ईजबेलच्या धमकीने भेदरलेला एलीया रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. त्याची ही प्रार्थना मान्य होत नाही. मरणाऐवजी त्याला भाकर आणि पाणी मिळते. पुढील पुस्तकातील कथेनुसार तर एलीया मरतच नाही. वावटळीत वर घेतला जातो. ज्याने मरण मागितले त्यालाच ते नाकारले गेले, हा संहितेतील एक अबोल विरोधाभास आहे. नंतर होरेब पर्वतावर सोसाट्याचा वारा येतो, भूकंप होतो, अग्नी येतो. आणि निवेदक प्रत्येक वेळी सांगतो की परमेश्वर त्यात नव्हता. कर्मेलवर ज्या अग्नीने ईश्वराचे अस्तित्व सिद्ध झाले, त्याच अग्नीत होरेबवर तो नाही. अग्नीनंतर जे येते त्यासाठी मूळ हिब्रूत तीनच शब्द आहेत: आवाज, निःशब्दता आणि सूक्ष्म. भाषांतरकार त्यातून कधी मंद वाणी काढतात, कधी हळुवार कुजबुज. मूळ शब्दयोजना मात्र मौनालाच आवाज म्हणण्याच्या अगदी कडेवर उभी आहे.

एका अध्यायात मौन हा देव नसल्याचा पुरावा आणि दुसऱ्या अध्यायात मौन हीच देवाच्या सान्निध्याची खूण, असे दोन न्याय या संहितेत शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. संकलकांनी ही विसंगती दूर केली नाही. एलीयाचेही परिवर्तन होत नाही: होरेबवरील अनुभवापूर्वी विचारलेल्या प्रश्नाला त्याने जे उत्तर दिले, तेच उत्तर तो अनुभवानंतरही शब्दशः देतो. पण वाचकापुढे प्रश्न उभा राहतो. परक्याच्या देवाचे मौन म्हणजे अभाव आणि आपल्या देवाचे मौन म्हणजे गूढ, असा भेद प्रामाणिक म्हणता येईल काय?

३

हा प्रश्न ग्रंथांतल्या ग्रंथांत राहणारा नाही. महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासात तो एका आयुष्यात उतरलेला दिसतो. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी साक्षीत बालपणाची जी हकीकत सांगितली आहे, ती अनुत्तरित प्रार्थनेचीच हकीकत आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि मुले तीर्थामागून तीर्थे करीत, पुराणे सांगत फिरत होती. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा जवळ होते नव्हते ते दानधर्मात आणि देवदेवतांच्या आराधनेत खर्ची पडले. देव प्रसन्न होईल, या आशेवर दिवस गेले. पैसा संपला, भांडीकुंडी गेली. पाण्यावर आणि झाडपाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. जलसमाधीचा विचार झाला. आईवडील आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. राहिलेली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास पायी देश तुडवीत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली, तेव्हा जुन्या देवांवरील त्यांचा विश्वास बहुतांशी गळून पडलेला होता.

वरवर पाहता हा कर्मेलचाच न्याय आहे: हाक मारली, उत्तर आले नाही, म्हणून तेथे कोणी नव्हते. आणि रमाबाईंचे नंतरचे आयुष्य समोर ठेवले की दुटप्पीपणाचा आक्षेप घेण्याचा मोह होतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या या बाईंना मौनाचा अनुभव त्यानंतर आलाच नसेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्याआधीच १८८० साली भाऊ आणि १८८२ साली पती गेले होते. नंतरच्या काळात केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये त्यांनी आश्रय दिलेल्या दुष्काळग्रस्त मुलींपैकी सर्वच वाचल्या नाहीत. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी आणि कार्याची वारस मनोरमा त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९२२ मध्ये, त्याही गेल्या. पहिल्या मौनाने श्रद्धा सुटली, दुसऱ्याने सुटली नाही. दोन्ही मौने सारखीच असतील, तर दोन न्याय का?

साक्ष काळजीपूर्वक वाचल्यास मात्र हा आक्षेप जसाच्या तसा टिकत नाही. रमाबाईंच्या धर्मांतराचे जे निर्णायक टप्पे त्यांनी स्वतः नोंदवले आहेत, त्यांत चमत्काराने मिळालेल्या उत्तराला स्थान नाही. कलकत्त्यात स्त्रियांपुढे स्त्रीधर्मावर व्याख्याने देण्याच्या निमित्ताने त्यांनी धर्मशास्त्रे वाचली. परस्परांशी अनेक बाबतींत न जुळणारे हे ग्रंथ स्त्रीच्या हीनतेबाबत एकमत आहेत, असा त्यांचा निष्कर्ष झाला. पुढे इंग्लंडमध्ये फुलहॅम येथे, समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांची सेवा करणारे काम त्यांनी पाहिले आणि ते कशाच्या प्रेरणेने चालते असे विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवण्यात आला: विहिरीवर पाण्याला आलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशूने केलेला दीर्घ संवाद. जी स्त्री ज्ञातीने परकी, लौकिकाने डागाळलेली, तिच्याशी येथे उपासनेच्या स्वरूपाबद्दल बोलणे होते.

त्यांच्या वाचनात या दोन संहितांमधील भेद कोठे पडला, हे येथे नेमके दिसते. एक संहिता स्त्रीविषयी बोलत होती. दुसरी स्त्रीशी बोलत होती. मौनाच्या बदल्यात त्यांना हुकमी उत्तरे देणारा देव मिळाला नव्हता. मिळाला होता तो संबोधणारा. ‘विषयी’ आणि ‘शी’ या दोन अव्ययांमधले हे अंतर पुढील विवेचनात पुन्हा भेटणार आहे.

४

या अंतराकडे वळण्यापूर्वी प्रचलित समर्थनांचा विचार करणे प्राप्त आहे. अनुत्तरित प्रार्थनेच्या उपपत्ती संख्येने फार नाहीत. मागणाऱ्याची श्रद्धा अपुरी होती, ही पहिली. मागणेच चुकीचे होते, ही दुसरी. ‘नाही’ किंवा ‘थांब’ हेही उत्तरच होय, ही तिसरी. आणि न मिळण्यातूनच अखेर काही मोठे हित साधते, ही चौथी.

पहिली उपपत्ती संहितेपुढेच टिकत नाही. मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप आपल्या विश्वासाबरोबर आपला अविश्वासही उघड कबूल करतो, आणि तरी त्याचा मुलगा बरा होतो. दुसरीला याकोबाच्या पत्राचा आधार आहे. पण ते वचन चैनीसाठी मागणाऱ्यांना उद्देशून आहे. अपत्याचा जीव मागणाऱ्याला ते लावणे हे वाचनातले क्रौर्य आहे. चौथीसाठी पौलाचा दाखला दिला जातो: करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो सांगतो की शरीरातील काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली आणि त्याला काटा निघण्याऐवजी कृपा पुरेशी असल्याचे उत्तर मिळाले. पण पौल हे स्वतःच्या काट्याबद्दल बोलतो. दुसऱ्याच्या काट्याबद्दल तेच वाक्य उच्चारण्याचा अधिकार त्याने कोणाला दिलेला नाही. शिवाय कधीकधी संहिता स्वतःच जी उपपत्ती देते, ती नैतिक जाणिवेला पेलत नाही. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दावीद आपल्या तान्ह्या मुलासाठी उपास करतो, जमिनीवर पडून राहतो, आणि सातव्या दिवशी मूल मरते. दाविदाच्या पापाचे हे फळ, असे संदेष्टा नाथान आधीच सांगून गेलेला असतो. पाप बापाचे आणि मरण तान्ह्याचे, या हिशेबाशी श्रद्धावंत वाचकाला झगडावेच लागते. तो झगडत नसेल, तर त्याने ती कथा वाचलेली नाही. नुसती मान्य केलेली आहे.

तिसरी उपपत्ती तर्काच्या दृष्टीने सर्वांत निसरडी. १९५० साली इंग्लिश तत्त्वचिंतक अँटनी फ्लू यांनी जो आक्षेप मांडला, त्याचा रोख अशाच युक्तिवादांवर होता. ईश्वर पित्यासारखा प्रेमळ आहे, असे म्हणायचे आणि असाध्य व्याधीने मूल मरत असताना ‘हे प्रेम मानवी प्रेमासारखे नव्हे’ अशी पुरवणी जोडायची. अशा पुरवण्या जोडत गेल्यास मूळ विधानात काही उरतच नाही. ‘हो’, ‘नाही’ आणि ‘थांब’ ही तिन्ही उत्तरेच असतील, तर उत्तर न मिळणे म्हणजे काय, हे सांगता येणार नाही. आणि मग उत्तर मिळणे म्हणजे काय, हेही सांगता येणार नाही. कर्मेलवरील बआलाच्या संदेष्ट्यांनाही ही उपपत्ती सहज वापरता आली असती.

डी. झेड. फिलिप्स यांनी १९६५ साली प्रार्थनेच्या संकल्पनेवरील आपल्या ग्रंथात वेगळी वाट धरली. विट्गेनस्टाइनच्या वळणाने जात त्यांनी असे दाखवण्याचा प्रयत्न केला की प्रार्थना हे घटनांवर परिणाम घडवण्याचे साधन समजणेच चूक आहे. आपल्या इच्छा आणि भये ईश्वरापुढे ठेवून त्यांच्या कह्यातून सुटणे, हा तिचा अर्थ. ही मीमांसा सूक्ष्म आहे, आणि फ्लू यांचा आक्षेप तिला लागत नाही. पण तो न लागण्याचे कारण असे की येथे मागणेच हातातून काढून घेतले गेले आहे. मूल मागणारी हन्ना किंवा दृष्टी मागणारा यरीहोच्या वाटेवरचा आंधळा आपल्या इच्छेपासून मुक्त होऊ पाहत नव्हता. त्यांना ती गोष्ट हवी होती. संहितेतील प्रार्थनेचा हा हट्टी, ऐहिक, भुकेला स्वर फिलिप्स यांच्या मीमांसेत ऐकू येत नाही.

या चर्चेत सी. एस. लुइस यांचे उदाहरण बोधप्रद आहे. ख्रिस्ती धर्माचे विसाव्या शतकातील एक लोकप्रिय समर्थक असलेल्या लुइस यांनी १९५३ साली ऑक्सफर्डमधील धर्मगुरूंच्या एका मंडळापुढे मागणीपर प्रार्थनेवर निबंध वाचला. नव्या करारात प्रार्थनेचे दोन नमुने आहेत, असे त्यांनी दाखवले: एक गेथशेमाने बागेतला, ज्यात मागणारा आपली इच्छा पित्याच्या इच्छेखाली ठेवतो, आणि दुसरा मार्काच्या अकराव्या अध्यायातला, ज्यात मिळणारच या खात्रीने मागायचे असते. ‘तुझ्या मनास आले तर’ आणि ‘मिळणारच’ या दोन वृत्ती एकाच क्षणी एकाच मनात कशा धराव्यात, हे आपल्याला उमगलेले नाही, अशी कबुली देऊन त्यांनी निबंध संपवला. १९६० साली त्यांची पत्नी कर्करोगाने गेली, आणि त्यानंतर टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या शोकाच्या टिपणांत त्यांनी बंद दाराचा अनुभव नोंदवला. समर्थनाचे शास्त्र ज्याला अवगत होते, त्याने योग्य वेळी ते खाली ठेवले. यात बौद्धिक पराभव पाहणे चुकीचे ठरेल. उपपत्तीने काय साधते आणि काय बिघडते, याची ती जाण होती.

५

काय बिघडते, हे ईयोबाच्या पुस्तकात सर्वांत स्पष्ट दिसते. या पुस्तकाच्या मध्यभागी असलेला प्रदीर्घ काव्यसंवाद म्हणजे उपपत्ती देणारे आणि उपपत्ती नाकारणारा यांच्यातला कलह आहे. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र ईश्वराची बाजू मांडतात: दुःख आहे, त्याअर्थी दोष असलाच पाहिजे. ईयोब हे मानत नाही. तो आकांत करतो, आरोप करतो, देवाला न्यायासनापुढे बोलावू पाहतो. शेवटी, बेचाळिसाव्या अध्यायात, परमेश्वर अलीफजला सांगतो की तुम्ही तिघे ईयोबाप्रमाणे योग्य बोलला नाहीत. धर्मनिष्ठ समर्थक चुकले आणि तक्रारखोर बरोबर ठरला, हा निकालच मुळात थक्क करणारा आहे.

या वाक्यातील एक अव्यय विशेष लक्षणीय आहे. प्रचलित भाषांतरांनुसार, त्यात मराठीही आली, मित्र परमेश्वराविषयी योग्य बोलले नाहीत. मूळ हिब्रूतील अव्ययाचा नेहमीचा अर्थ मात्र ‘-ला’, ‘-कडे’ किंवा ‘-शी’ असा आहे. त्याच श्लोकात ते आणखी दोनदा येते, आणि दोन्ही वेळा याच अर्थाने: परमेश्वर ईयोबाशी बोलला, परमेश्वर अलीफजला म्हणाला. तेच अव्यय क्वचित ‘विषयी’ या अर्थानेही वापरले जात असल्यामुळे केवळ व्याकरणाने निर्णय होत नाही. पण संपूर्ण काव्याची रचना दुसऱ्या वाचनाला बळ देते. तिघे मित्र पुस्तकभर देवाविषयी बोलतात. देवाशी ते एकदाही बोलत नाहीत. मित्राच्या राखेशेजारी बसूनही त्यांच्यातला एकही प्रार्थना करीत नाही. ईयोब मात्र मित्रांशी बोलता बोलता पुन्हा पुन्हा वळतो आणि द्वितीय पुरुषात शिरतो. सातव्या, दहाव्या, तेराव्या आणि चौदाव्या अध्यायांत त्याचे ‘तू’ हे सर्वनाम मित्रांसाठी नसून देवासाठी आहे. त्याची विधाने बरोबर होती असे परमेश्वराने कोठेही म्हटलेले नाही. उलट वावटळीतून त्याला कठोरपणे सुनावले आहे. योग्य ठरते ते त्याच्या बोलण्याचे तोंड.

उपपत्तीचा नैतिक दोष यातून दिसतो. ती सांगणाऱ्याला द्वितीय पुरुषातून तृतीय पुरुषात नेते. दुःखी माणूसही तिच्यासाठी बोलण्याचा विषय होतो आणि देवही विषय होतो. संबोधण्याला कोणी उरत नाही. पुस्तकाची आणखी एक रचनात्मक खूण अशी की पहिल्या दोन अध्यायांतील स्वर्गसभेचा प्रसंग वाचकाला ठाऊक आहे, ईयोबाला तो अखेरपर्यंत कळत नाही. कारण जाणणारा वाचक नकळत मित्रांच्या आसनावर जाऊन बसतो. शेवटही दिसतो तितका गोड नाही. गुरेढोरे दुप्पट परत मिळतात. मुले पूर्वीइतकीच, दहा, नव्याने होतात. मेलेली दहा परत येत नाहीत. आणि ईयोबाची जी एक प्रार्थना निःसंदिग्धपणे मान्य होते, ती त्याने त्या मित्रांसाठी केलेली असते.

संहितेत असे इतरही साक्षी आहेत. स्तोत्रसंहितेतील बहुतेक विलापस्तोत्रे कोठेतरी वळण घेतात आणि स्तुतीत विसावतात. ८८वे स्तोत्र वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द ‘अंधार’ असा आहे. मार्क आणि मत्तय यांच्या वृत्तान्तांत येशू वधस्तंभावरून टाकले गेल्याचा जो आक्रोश करतो, तो २२व्या स्तोत्रातला आहे. मार्काने तो अरामी ध्वनींसकट राखला. लूक आणि योहान यांनी तो वगळला, आणि लूकाने त्या जागी ३१व्या स्तोत्रातील शांत समर्पणाचे शब्द दिले. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय तर सांगतो की येशूने मरणातून सोडवू शकणाऱ्याकडे आक्रोश करून आणि अश्रू ढाळून विनवणी केली आणि ती ऐकली गेली. जर्मन अभ्यासक आडोल्फ फॉन हार्नाक यांना हे विधान इतके विसंगत वाटले की मूळ वाक्यातून एक नकार गळाला असावा, असा तर्क त्यांनी केला. एकाही हस्तलिखिताचा या तर्काला आधार नाही. पण ‘ऐकली गेली’ या शब्दांचा अर्थ ‘मरण टळले’ असा होत नाही, हे त्या तर्कामागचे निरीक्षण खरे आहे.

दुसऱ्या शतकात, सुमारे १७० साली, तातियान याने चारही शुभवर्तमाने गुंफून एक सलग वृत्तान्त तयार केला, आणि सिरियाई मंडळ्यांत तो दीर्घकाळ वाचला गेला. अखेर अधिकृत संहिता म्हणून टिकली ती चार वेगळी, एकमेकांशी पूर्णपणे न जुळणारी शुभवर्तमानेच. आश्वासनाचे वाक्य आणि टाकले गेल्याचा आक्रोश एकाच पुठ्ठ्यात बांधून देणारी ही परंपरा श्रद्धावंताला एका गोष्टीची मोकळीक देते: संहितेशी झगडणे म्हणजे संहितेबाहेर जाणे नव्हे. झगडणाऱ्यांचे शब्द तिने आधीच आत घेतलेले आहेत.

६

देवाशी भांडणाऱ्या भक्ताचा स्वर मराठी वाचकाला अपरिचित नाही. नामदेव, जनाबाई आणि तुकाराम यांच्या अभंगांत विठ्ठलाला जाब विचारणारी, प्रसंगी शिव्याशाप देणारी वाणी आहे, आणि ती भक्तीचा भंग मानली जात नाही. भक्तीचेच ते एक रूप मानले जाते. १८९५ साली ख्रिस्ती झालेले नारायण वामन टिळक आपण तुकारामांच्या मार्गाने ख्रिस्तापर्यंत पोहोचल्याचे सांगत. त्यामागे काव्यरूपाची आवड तर होतीच, पण ‘तू’ म्हणण्याची ही मोकळीकही असणार. मराठी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन यांना त्यांच्यामुळे जागा मिळाली, आणि त्यांच्याबरोबर हा द्वितीय पुरुषही आला.

तथापि या दोन भांडणांतील भेद पुसून टाकणे योग्य नाही. संत देवाला त्याच्या ब्रिदाची आठवण देतात. ब्रीद म्हणजे लौकिक, मिरवलेली ओळख. पतितपावन म्हणवतोस आणि पतिताला तारीत नाहीस, तर ते नाव सोड, असा त्या भांडणाचा युक्तिवाद असतो. ख्रिस्ती श्रद्धावंताच्या हाती लौकिकाबरोबर वचनही आहे: विशिष्ट प्रसंगी उच्चारलेले, लेखी, शब्दांत बांधलेले. ब्रीद मोडले तर देवाची शोभा जाते. वचन मोडले तर संहितेचे प्रामाण्य जाते. म्हणून संतांचे भांडण प्रेमकलहाच्या वळणाने जाऊ शकते, आणि ख्रिस्ती श्रद्धावंताच्या भांडणाला अर्थनिर्णयाच्या वादातून जावे लागते. दोहोंत समान आहे ते एवढेच, आणि ते थोडे नाही, की दोन्ही भांडणे समोर कोणीतरी आहे असे धरून चालतात. रुसवा रिकाम्या खोलीवर धरता येत नाही.

७

एवढ्याने मौनाचा प्रश्न सुटला, असे म्हणता येणार नाही. ‘विषयी’पेक्षा ‘शी’ श्रेष्ठ, हे मान्य केले तरी संबोधनाने संबोधिताचे अस्तित्व सिद्ध होत नाही. बआलाचे संदेष्टेही संबोधतच होते, आणि अंगातून रक्त निघेपर्यंत संबोधत होते. अनंतशास्त्र्यांचे कुटुंबही दुष्काळात देवांविषयी प्रवचन करीत बसले नव्हते; ते त्यांना हाका मारीत होते. येथेच या विचाराची खरी किंमत उघड होते. जो श्रद्धावंत आपल्या देवाचे मौन सोसूनही त्याला ‘तू’ म्हणत राहतो, त्याला दुसऱ्याच्या देवाच्या मौनावरून निकाल देण्याचा हक्क उरत नाही. होरेब स्वीकारणाऱ्याला कर्मेल सोडावा लागतो. आपल्या मुलाच्या मरणानंतरही जो प्रार्थना करतो, त्याने दुष्काळात विष्णुसहस्रनाम जपत मेलेल्या माणसाला ‘तेथे ऐकणारे कोणी नव्हते’ असे सांगणे हा अन्याय आहे. धर्मप्रचाराच्या वाङ्मयाने हा अन्याय पुष्कळदा केला, आणि तो करताना आपल्या पायाखालची जमीन आपणच उकरीत आहोत, हे त्याच्या लक्षात आले नाही.

एकच न्याय लावायचा तर तो सर्वांना लावावा लागतो, आणि मग मौन हा कोणाच्याच बाजूचा पुरावा राहत नाही. श्रद्धेसाठी दुसरी कारणे शोधावी लागतात. आणि रमाबाईंच्या साक्षीत, तिच्या वरवरच्या युक्तिवादाखाली, तशी कारणे आहेत. त्यांनी ख्रिस्त स्वीकारला, पण संहितेच्या अर्थाचा मक्ता कोणाला दिला नाही. बाप्तिस्म्यानंतर सिस्टर जेरल्डीन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात त्रैक्याच्या सिद्धांतापासून चर्चच्या अधिकारापर्यंत सर्वांवर त्या वाद घालतात, आणि आपली सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्याच्या स्वाधीन करण्यास नकार देतात. श्रद्धा आणि झगडा त्यांच्या बाबतीत एकामागून एक आले नाहीत. ते एकत्रच नांदले.

आयुष्याची शेवटची अनेक वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. मुक्ति मिशनच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच खिळे जुळवले. संपूर्ण भाषांतर १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. ते अतिशय शब्दनिष्ठ आहे, आणि म्हणूनच वाचायला अवघड ठरले. त्याचा प्रसार फारसा झाला नाही. साहित्यकृती म्हणून त्यातील दोष दाखवता येतात. पण शब्दनिष्ठेची एक नैतिक बाजू आहे. गुळगुळीत भाषांतर मित्रांचे काम करते: ते संहितेतील खाचखळगे भरून काढते, मौनाची कुजबुज करते, नकार सौम्य करते. शब्दनिष्ठ भाषांतरकाराला ही मुभा नसते. आश्वासनाचे वाक्य आले की ते त्याला तेवढ्याच ठामपणे लिहावे लागते, आणि ८८व्या स्तोत्राच्या अखेरीस पोहोचल्यावर पुढे काही आशादायक जोडता येत नाही. आईवडिलांच्या हाका निरुत्तर राहिलेल्या ज्यांनी बालपणी पाहिल्या, त्या रमाबाईंनी ती दोन्ही प्रकारची वाक्ये एकाच ग्रंथात मराठीत आणली आणि दोहोंमधील अंतर तसेच राहू दिले.